प्रश्न तुमचे : शिसे अंगावर की औषधाभोवती?

न्यूक्लिअर मेडिसिन, म्हणजे किरणोत्सर्गी औषध देऊन निदान किंवा उपचार करणाऱ्या विभागांत काम करणाऱ्या वाचकांकडून गेल्या काही महिन्यांत इतकी पत्रे आली, की हे सदर या वेळी त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. पत्रलेखकांत तंत्रज्ञ आहेत, परिचारिका आहेत, सफाईचे काम करणाऱ्या एक बाई आहेत आणि एक विभागप्रमुखही आहेत. उत्तरांआधी सर्वांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. क्ष-किरण यंत्राचे बटण सोडले की किरणे थांबतात. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये थांबवायला बटणच नसते. कुपीतले औषध हा किरणांचा उगम असतो, ते सिरिंजमध्ये भरले की सिरिंज हा उगम होतो आणि टोचले की रुग्ण स्वतःच उगम होऊन प्रतीक्षाकक्षात जाऊन बसतो. त्यामुळे क्ष-किरण विभागातल्या सवयी जशाच्या तशा इथे आणल्या, तर त्यांतल्या काही निरुपयोगी ठरतात आणि एखाददुसरी चक्क महागात पडते.

प्रश्न : मी आधी क्ष-किरण विभागात होतो. तिथे शिशाच्या एप्रनशिवाय आत पाऊल टाकू देत नसत. आता पेट स्कॅन विभागात बदली झाली आहे, तर इथे कोणीच एप्रन घालत नाही. विचारले, तर ज्येष्ठ सहकारी 'त्याचा उपयोग नाही' एवढेच सांगून मोकळे होतात. खर्च वाचवण्यासाठी आमच्या जिवाशी खेळ चालला आहे का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. त्यांनी कारण सांगायला हवे होते, एवढीच त्यांची चूक. क्ष-किरण विभागात रुग्णाच्या अंगावरून विखुरलेली जी किरणे आपल्यापर्यंत येत होती, त्यांची ऊर्जा काही दशक किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) इतकीच होती आणि अर्धा मिलिमीटर शिसे त्यांना सहज अडवत होते. न्यूक्लिअर मेडिसिनमधल्या नेहमीच्या तपासण्यांत वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एमच्या गॅमा किरणांची ऊर्जा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. तोच एप्रन त्यांपैकी साधारण सत्तर टक्के किरणे अडवतो, म्हणजे तिथे तो अजून कामाचा आहे. पेटमध्ये वापरल्या जाणाऱ्या फ्लोरिन-१८ची किरणे मात्र ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची असतात आणि अर्धा मिलिमीटर शिसे त्यांतला दहावा हिस्सासुद्धा धड अडवू शकत नाही. त्या नगण्य बचतीसाठी आपण कित्येक किलोंचे ओझे खांद्यावर घेता, हालचाल मंदावते, रुग्णाजवळचा वेळ वाढतो आणि वाचलेले त्याहून जास्त गमावले जाते. एप्रन घातला आहे या समजुतीने माणूस रुग्णाच्या अधिक जवळ उभा राहतो, हा तोटा वेगळाच.

शिसे निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ते कुठे ठेवायचे हा प्रश्न आहे. टेक्नेशियमची किरणे हजारावा हिस्सा उरेपर्यंत कमी करायला सुमारे ३ मिलिमीटर शिसे पुरते. फ्लोरिन-१८साठी तेवढ्याच परिणामाला ५ सेंटिमीटरच्या आसपास शिसे लागते. एवढे शिसे कोणी अंगावर घालू शकत नाही, पण कुपीभोवती, सिरिंज नेण्याच्या डब्याभोवती आणि ज्याच्या आडून आपण औषध भरता त्या एल-ब्लॉकमध्ये ते सहज बसते. उगम लहान असतो तेव्हा त्याच्याभोवती भिंत बांधणे स्वस्त पडते. म्हणून पेट विभागाची पाहणी करताना मी खुंटीवर किती एप्रन टांगले आहेत ते पाहत नाही. कुपीचे शिशाचे भांडे झाकणासह वापरात आहे का आणि एल-ब्लॉकच्या काचेवर धूळ साचली आहे का, ते पाहतो. धुळकट काच म्हणजे लोक कडेने डोके काढून काम करत आहेत. डोळ्यांच्या भिंगासाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने २०११मध्ये वर्षाला १५० मिलिसिव्हर्टवरून (मिलिसिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचे एकक) २० मिलिसिव्हर्टवर आणली, हे लक्षात घेता ती काच पुसून ठेवणे अगदीच क्षुल्लक काम नाही.

प्रश्न : माझ्या छातीवरच्या, किरणांची मात्रा मोजणाऱ्या बॅजचे आकडे दर वेळी अगदी कमी येतात. तरीही आता आम्हाला बोटात मात्रा मोजणारी अंगठी घालायला सांगितले आहे. हातमोज्याखाली ती टोचते आणि सिरिंजवरचे जड कवच वापरले की कामही हळू होते. आकडे चांगले असताना हा त्रास कशासाठी?

उत्तर : छातीचे आकडे चांगले आहेत, हे आपल्या एल-ब्लॉकचे श्रेय आहे. आपले हात मात्र त्याच्या पलीकडच्या बाजूला असतात.

अंतराचा हिशोब पाहा. लहान उगमापासूनची मात्रा अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. सिरिंज छातीपासून ४० सेंटिमीटरवर आणि बोटाच्या पेरापासून १ सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर मध्ये काहीही आडोसा नसतानासुद्धा पेराला छातीच्या १,६०० पट मात्रा मिळते; छातीपुढे शिसे असले तर हे गुणोत्तर आणखी वाढते. त्यामुळे छातीवरच्या बॅजवरून बोटांचा अंदाज बांधताच येत नाही. त्वचेसाठीची मर्यादा वर्षाला ५०० मिलिसिव्हर्ट आहे आणि ती सबंध हाताच्या सरासरीवर नव्हे, तर सर्वांत जास्त मात्रा मिळालेल्या एका चौरस सेंटिमीटरवर मोजायची असते. तो एक चौरस सेंटिमीटर बहुधा तर्जनीच्या टोकाशी असतो.

युरोपात २००८ ते २०११ या काळात झालेल्या ओरामेड या प्रकल्पात न्यूक्लिअर मेडिसिनच्या कर्मचाऱ्यांच्या हातांवर अनेक ठिकाणी सूक्ष्म मापके लावून प्रत्यक्ष कामाच्या वेळी मोजणी करण्यात आली. तिचे दोन निष्कर्ष आपल्या उपयोगाचे आहेत. एक म्हणजे सर्वाधिक मात्रा सहसा ज्या हाताने आपण लिहीत नाही त्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला मिळते, कारण तोच हात कुपी किंवा सुईचे टोक सावरतो आणि काम उजव्या हाताने केले असे आपल्याला वाटत राहते. दुसरे म्हणजे तर्जनीच्या मुळाशी घातलेली अंगठी त्या टोकाची मात्रा कमी दाखवते; अंगठीच्या आकड्याला सुमारे सहाने गुणले, तर टोकाचा ढोबळ अंदाज मिळतो. अंगठीत वर्षभरात ६० मिलिसिव्हर्ट जमले, तर 'मर्यादेच्या आठव्या हिश्शातच आहोत' असे समजून निश्चिंत होऊ नये. बोटाच्या टोकाला ३६० मिलिसिव्हर्ट मिळाले असण्याची शक्यता आहे. म्हणून उजव्या हाताने लिहिणाऱ्याने अंगठी डाव्या तर्जनीच्या मुळाशी, तिचा मोजणारा भाग तळहाताकडे वळवून आणि हातमोज्याच्या आत घालावी. बाहेर घातली, तर मोज्यावर सांडलेला एखादा थेंब मापकालाच लागतो आणि आकड्याला अर्थ उरत नाही. टोचण्याची तक्रार खरी आहे. योग्य मापाची अंगठी मागून घ्या, त्यात संकोच नको.

आता कवचाविषयी. टंगस्टनच्या कवचामुळे काम हळू होते, हे पहिल्या काही आठवड्यांपुरते खरे आहे. समजा, कवच तीन-चतुर्थांश किरणे अडवते आणि आपल्याला वेळ दीडपट लागतो. तरीही बोटांना मिळणारी मात्रा आधीच्या चाळीस टक्क्यांहून कमी होते. टेक्नेशियमसाठी २ मिलिमीटर टंगस्टन पुरते आणि तिथे तर बचत याहून कितीतरी मोठी असते. फ्लोरिन-१८साठी निदान ५ मिलिमीटरचे कवच हवे, आणि जडपणाची तक्रार येते ती त्याचीच. जडपणावर उपाय सरावाचा आहे : सिरिंजमध्ये साधे पाणी भरून, कवच चढवून, पूर्ण कृती दहा-वीस वेळा करावी आणि सहकाऱ्याने घड्याळ लावावे. वेग पाण्यावर कमवावा. औषधावर शिकणे म्हणजे बोटांच्या खर्चाने शिकणे आहे.

बोटांची मात्रा कमी करणाऱ्या काही सवयींना खर्च येत नाही, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. सिरिंज गच्च भरली, की औषध थेट बोटांखाली येते. त्याऐवजी मोठी सिरिंज घेऊन ती अर्ध्यापर्यंतच भरली, तर मागच्या टोकाला धरताना औषध आणि बोटे यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर अंतर आपोआप राहते. कुपी हाताने उचलू नये, त्यासाठी लांब चिमटा असतो. सिरिंजमधल्या औषधाची किरणोत्सर्गिता मोजणाऱ्या मात्रामापकात सिरिंज घालायची, थोडे औषध कमी करायचे, पुन्हा घालायची, ही ये-जा टाळण्यासाठी किती मिलिलिटर हवे याचा हिशोब कुपी उघडण्यापूर्वी कागदावर करावा. माझ्या उमेदवारीच्या काळात एक अतिशय कुशल सहकारी होते. त्यांचे हात इतके सफाईने चालत, की त्यांना कवचाची गरज वाटत नसे. अंगठी उजव्या हातात आणि सुईचे टोक मात्र डाव्या तर्जनीने सावरलेले. वर्षानुवर्षे त्यांचे आकडे विभागात सर्वांत कमी होते. अंगठीचा हात बदलल्यावर पहिल्याच महिन्यात ते सर्वांत वर गेले. हात तेच होते आणि काम तेच होते.

बीटा किरणे सोडणारी उपचाराची औषधे आपण हाताळत असाल, तर दक्षता आणखी वाढवा. यट्रियम-९०च्या बीटा कणांची कमाल ऊर्जा २.२८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असते; उघडी सिरिंज बोटांत धरली, तर त्वचेला मिनिटागणिक फार मोठी मात्रा मिळते आणि छातीवरच्या बॅजला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे सुमारे १ सेंटिमीटर जाडीचे ॲक्रिलिकचे कवच बीटा कण पूर्ण थांबवते. केवळ पातळ शिसे लावल्यास बीटा कण त्यात अडताना नवी क्ष-किरणे निर्माण होतात, म्हणून आत प्लास्टिक आणि बाहेर जड धातू असा क्रम ठेवावा.

प्रश्न : आमचा एक सहकारी आकडा वाढला तर कामावरून काढतील या भीतीने बॅज खणात ठेवून काम करतो. हे वरिष्ठांना सांगावे का?

उत्तर : आधी त्यालाच सांगा. बॅज किरणे अडवत नाही आणि कोणाला दोषीही ठरवत नाही. तो खणात ठेवल्याने एवढेच होते, की एखादी खराब झालेली कृती, फुटलेले कवच किंवा गळकी कुपी कोणाच्या ध्यानात येत नाही आणि त्याची मात्रा वाढत राहते. मात्र ही भीती विभागात निर्माण कशी झाली, हा प्रश्न वरिष्ठांना विचारण्यासारखाच आहे. वाढलेल्या आकड्यावर पहिली प्रतिक्रिया चौकशीची न येता खुलासा मागणाऱ्या नोटिशीची येत असेल, तर बॅज खणातच जाणार. याच्या उलट चूकही होते, तीही तपासून पाहा : बॅज लावलेला कोट हॉट लॅबच्या, म्हणजे औषधे ठेवण्या-भरण्याच्या खोलीच्या, दाराशी टांगून लोक घरी जातात आणि रात्रभर त्या कोटाला मात्रा मिळत राहते.

प्रश्न : मी पेट विभागात परिचारिका आहे. औषध टोचण्याचे काम तर काही सेकंदांचे असते; मग आमच्या शरीराला जास्त मात्रा नक्की कधी मिळते? आणि टोचल्यानंतर रुग्ण अचानक कोसळला, तर आम्ही जवळ जायचे की नाही?

उत्तर : आपला पहिला प्रश्न फार नेमका आहे, कारण बहुतेक जण टोचण्याच्या क्षणाला घाबरतात आणि त्यानंतरच्या तासाभराकडे त्यांचे लक्ष नसते. ३७० मेगाबेक्वेरल (औषधाची किरणोत्सर्गिता मोजण्याचे एकक) फ्लोरिन-१८ टोचल्यावर लगेचच रुग्णापासून १ मीटरवर ताशी सुमारे ३४ मायक्रोसिव्हर्ट (मायक्रोसिव्हर्ट म्हणजे मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग) मात्रा मिळते. २ मीटरवर ती ताशी साधारण साडेआठ होते, तर अर्ध्या मीटरवर १३५च्या पुढे जाते. फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा होण्याचा काळ, ११० मिनिटांचे आहे, त्यामुळे तासाभराच्या विश्रांतीनंतर १ मीटरवरचा आकडा २३च्या आसपास येतो आणि रुग्ण लघवी करून आला की २०च्या जवळ.

आता एक नेहमीचे दृश्य घ्या. औषध टोचून झाल्यावर परिचारिका रुग्णाजवळ बसून मधुमेहाची औषधे कोणती, आधी कोणती शस्त्रक्रिया झाली, दागिने काढले का, हे विचारते. अर्ध्या मीटरवरची ही पाच मिनिटे सुमारे ११ मायक्रोसिव्हर्टची असतात. दिवसाला दहा रुग्ण आणि वर्षाला २४० दिवस धरले, तर केवळ या गप्पांचे २६ मिलिसिव्हर्ट होतात. कर्मचाऱ्यांसाठीची आंतरराष्ट्रीय आयोगाने सुचवलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ५० मिलिसिव्हर्ट आहे. रुग्णाचे शरीर हा बिंदू नसल्यामुळे इतक्या जवळून प्रत्यक्ष आकडा याहून कमी भरेल, पण मात्रा कुठे साचते ते यावरून कळते. तीच पाच मिनिटे टोचण्यापूर्वी घालवली, तर त्यांची मात्रा शून्य असते. माहिती विचारणे, संमतिपत्रावर सही घेणे, तपासणी कशी होईल ते समजावणे, साखर तपासणे, शिरेत कॅन्युला बसवून ती नीट चालते का ते सलाइनने पाहणे, शौचालय कुठे आहे ते दाखवणे, हे सगळे औषध खोलीत येण्याआधी उरकून घ्यावे. औषध आत आले की टोचायचे, सलाइनने नळी धुवायची आणि बाहेर पडायचे. पुढचे बोलणे कॅमेऱ्यातून आणि ध्वनिक्षेपकावरून होऊ शकते. रुग्णाला एकटे टाकल्यासारखे वाटू नये, म्हणून 'आता तासभर मी आत येणार नाही, पण इथून तुम्हाला पाहत असेन', हे आधीच सांगावे. रुग्ण ते समजून घेतात, हा माझा अनुभव आहे.

दुसरी जागा म्हणजे यंत्राचे टेबल. ज्याला आधाराशिवाय चढता-उतरता येत नाही, त्याला सावरताना कर्मचारी अक्षरशः अंगाला अंग लावून उभे असतात. अशा रुग्णांची माहिती आदल्या दिवशी मिळाली, तर उचलण्याची चादर, दोन माणसे आणि स्ट्रेचरची उंची यांची तयारी आधी करता येते. चालू शकणाऱ्या रुग्णाला मात्र केवळ सौजन्याने हात धरून नेण्याची गरज नसते. दोन पावले पुढे चालत वाट दाखवली तरी सौजन्य राहते.

कोसळलेल्या रुग्णाबद्दल उत्तर स्पष्ट आहे : तत्काळ जवळ जावे आणि जे करायचे ते सर्व करावे. अर्ध्या मीटरवर दहा मिनिटे थांबल्याने वरच्याच हिशोबाने सुमारे २३ मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळेल. निसर्गातून माणसाला जगभरच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे रोज साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास मात्रा मिळतच असते. ती दहा मिनिटे साडेतीन दिवसांच्या नैसर्गिक मात्रेइतकी आहेत. निदानाचे औषध घेतलेल्या कोणत्याही रुग्णाचे प्राण वाचवताना किरणोत्साराचा विचार आड येता कामा नये. हातमोजे घाला, कारण रक्त आणि लघवी किरणोत्सर्गी असतील. हातमोजे जवळ नसतील, तर त्यांच्यासाठी थांबू नका, हात नंतर धुता आणि तपासता येतात.

प्रश्न : मी तंत्रज्ञ आहे आणि मला आठवा आठवडा चालू आहे. अजून कोणालाच सांगितलेले नाही. नोकरी सोडावी का?

उत्तर : नोकरी सोडण्याचे कारण नाही, सांगण्याचे मात्र आहे, आणि तेही आजच. गर्भधारणा कळवल्यानंतरच्या उरलेल्या काळात बाळाला मिळणारी मात्रा साधारण १ मिलिसिव्हर्टच्या आत राहील अशी कामाची मांडणी करणे, ही संस्थेची जबाबदारी असते, परंतु आपण कळवल्याशिवाय ती सुरूच होत नाही. गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका १०० मिलिग्रेच्या (गॅमा किरणांसाठी मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट सारखेच धरतात) खालच्या मात्रेला दिसत नाही. १ मिलिसिव्हर्ट म्हणजे त्याचा शंभरावा हिस्सा, त्यामुळे गेल्या आठ आठवड्यांच्या नेहमीच्या कामाबद्दल रात्र-रात्र जागून काढू नये. आपले बॅजचे आकडे घेऊन विभागातल्या किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्यासमोर बसा, म्हणजे भीतीच्या जागी आकडा येईल.

पुढच्या कामात एक फरक पक्का धरा. बाहेरून येणारी किरणे मोजता येतात आणि अंतर-वेळ सांभाळून कमीही करता येतात, पण शरीरात गेलेले आयोडीन-१३१ वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोहोचते आणि दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून बाळाची थायरॉइड ते गोळा करू लागते. म्हणून आयोडीनचे उपचार, त्या रुग्णांची सुश्रूषा आणि द्रव आयोडीनची हाताळणी यांतून पूर्ण बाहेर पडा. हॉट लॅबमध्ये औषधे भरणे आणि सांडलवंड आवरणेही दुसऱ्याकडे द्या. चित्रांवरचे काम, नोंदी, यंत्रांच्या चाचण्या, नव्या मुलांचे प्रशिक्षण, अशी कामे भरपूर असतात. पोटाच्या पातळीवर दुसरा बॅज किंवा जागच्या जागी आकडा दाखवणारा इलेक्ट्रॉनिक मापक मागा. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असाल, तेव्हाही द्रव्य अंगाला लागण्याची किंवा श्वासातून जाण्याची शक्यता असलेले काम टाळावे.

प्रश्न : शरीरात साठलेले किरणोत्सर्ग बाहेर काढणारी एखादी गोळी किंवा काढा आहे का?

उत्तर : नाही. बाहेरून आलेली गॅमा किरणे शरीरात साठत नाहीत, त्यामुळे बाहेर काढण्यासारखे काही उरत नाही. किरणोत्सर्गी आयोडीन चुकून शरीरात गेले असेल, तर साध्या आयोडीनची गोळी लगेच घेतल्यास थायरॉइडचा बचाव होतो. ती वैद्यकीय सल्ल्याने आणि त्याच प्रसंगी घ्यायची असते, रोजचे टॉनिक म्हणून नव्हे.

प्रश्न : मी आयोडीनचा उपचार घेणाऱ्या पेशंटच्या खोल्या आणि शौचालये साफ करते. बाकीच्यांना बॅज आहेत, मला नाही. 'तू थोडाच वेळ जातेस' असे म्हणतात. मी काय काळजी घेऊ?

उत्तर : या पत्रांत सर्वांत महत्त्वाचे पत्र आपले आहे, आणि ते खरे तर आपल्या वरिष्ठांनी वाचायला हवे. थायरॉइडच्या कर्करोगासाठी ३.७ गिगाबेक्वेरल आयोडीन-१३१ घेतलेल्या रुग्णाजवळ सुरुवातीला १ मीटरवर ताशी दीडशे ते दोनशे मायक्रोसिव्हर्ट मात्रा असू शकते आणि त्यातले बहुतांश आयोडीन पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडते. म्हणजे ज्या शौचालयात डॉक्टर कधी पाऊल ठेवत नाहीत, तिथेच त्याचा सर्वांत मोठा वाटा जातो. घाम आणि लाळेतूनही ते उशीच्या अभ्ऱ्यावर, फोनवर, नळाच्या तोटीवर येते. 'थोडाच वेळ' हे उत्तर इथे चुकीचे आहे, कारण आपल्याला धोका दूरच्या किरणांचा कमी आणि हाताला लागून तोंडात जाणाऱ्या द्रव्याचा जास्त आहे. तो वेळेवर अवलंबून नसतो.

किरणोत्सर्गी द्रव्य पोटात जाणे किती वेगळे असते, हे १९२०च्या दशकात अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या रंगाने रंगवणाऱ्या मुलींच्या बाबतीत जगाला कळले. ब्रशला टोक यावे म्हणून त्या तो ओठांत धरत. रेडियम हाडांत गेले आणि अनेकींचे जबडे झिजले. आयोडीन काही रेडियम नव्हे, त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे आहे, पण हात आणि तोंड यांच्यामधली वाट तीच आहे.

रुग्ण खोलीत असेपर्यंत शक्यतो सफाईला जाऊ नये आणि तो गेल्यावरही किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याने मापक फिरवून परवानगी दिल्याशिवाय जाऊ नये, हा नियम आपण आग्रहाने पाळायला लावा. आत जाताना दुहेरी हातमोजे, पादत्राणांवर आवरण आणि पुरा झगा असावा. बाहेर येताना हे सर्व दाराशीच ठरलेल्या पिशवीत जाते, मग हात धुवायचे, मग हात-पाय मापकासमोर धरायचे; मोजल्याशिवाय चहाला जायचे नाही. कुठे ओल दिसली, तर फडक्याने गोल गोल पुसू नका, त्याने डाग पसरतो : वर शोषक कागद टाकून, बाहेरून आतल्या दिशेने टिपत जा आणि अधिकाऱ्याला बोलवा. अंगाला लागले, तर कोमट पाणी आणि साबण पुरतो. घासून त्वचा सोलवटली, तर द्रव्य आत जायला वाटच मिळते. त्या खोलीतल्या चादरी आणि कचरा रोजच्या कचऱ्यात जाऊ देऊ नका. ते बंद करून, तारीख घालून ठेवले जाते. दहा अर्धायुष्यांनी, म्हणजे आयोडीन-१३१च्या बाबतीत ८० दिवसांनी, मूळच्या हजाराव्या भागाइतकेच उरते, आणि तरीही मोजूनच पुढे पाठवायचे असते.

आपल्याला बॅज मिळायला हवा, ठरावीक मुदतीने मानेपाशी थायरॉइडची मोजणी व्हायला हवी आणि हे सर्व आपल्याला आपल्या भाषेत समजावून सांगितले जायला हवे. हे पत्र छापील स्वरूपात वरिष्ठांना दाखवायला आपल्याला संकोच वाटत असेल, तर विभागातल्या एखाद्या परिचारिकेकरवी पोहोचवा.

प्रश्न : मी विभागप्रमुख आहे. टोचण्याचे काम सर्व तंत्रज्ञांत आळीपाळीने वाटून दिल्यापासून प्रत्येकाचे वार्षिक आकडे बरेच खाली आले आहेत. आणखी काही करण्यासारखे आहे का?

उत्तर : आपण मात्रा वाटली आहे, कमी केलेली नाही. पूर्वी एकाला वर्षाला ८ मिलिसिव्हर्ट मिळत असतील आणि आता चौघांना २-२ मिळत असतील, तर विभागाची एकूण बेरीज तीच राहिली. शिवाय जो महिन्यातून एकच आठवडा टोचतो, त्याचा हात बसत नाही आणि तो दर रुग्णामागे जास्त वेळ घेतो, त्यामुळे ही बेरीज थोडी वाढलेलीही असू शकते. आळीपाळी वाईट नाही, पण ती शेवटची पायरी आहे. सर्वांच्या आकड्यांची बेरीज करून तिला वर्षभरातल्या रुग्णांच्या संख्येने भागा आणि हा दर रुग्णामागचा आकडा मागच्या वर्षाशी ताडून पाहा. आळीपाळीने हा आकडा फसत नाही.

तो खाली आणायचा, तर सुरुवात औषधाच्या प्रमाणापासून करावी. वजनानुसार औषध दिले जाते की सर्वांना सरसकट तेवढेच? नवे यंत्र अधिक संवेदनशील असूनही जुन्या यंत्राच्या काळातले प्रमाण चालू आहे का? रुग्णाला वीस टक्के कमी औषध दिले, तर कुपीजवळच्या तंत्रज्ञापासून टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत सर्वांची मात्रा वीस टक्के घटते, आणि रुग्णाचीही. चित्राचा दर्जा टिकतो ना, हे आपण आणि आपल्या डॉक्टरांनी मिळून पाहायचे आहे. आपोआप मोजून टोचणारे यंत्र परवडत असेल, तर फ्लोरिन-१८साठी बोटांची मात्रा त्याने मोठ्या प्रमाणात घटते. मात्र त्यातही कुपी बसवताना आणि नळी बदलताना हात लागतातच, तेव्हा अंगठ्या काढून ठेवू नयेत. विश्रांतीच्या खोल्या नोंदणीच्या टेबलाला लागून असतील, तर टेबल हलवा. भिंतीत शिसे घालण्यापेक्षा ते स्वस्त पडते, आणि तिथे बसणाऱ्या कारकुनाकडे बॅज नसल्यामुळे त्याची मात्रा आपल्या बेरजेत येतच नाही.

हे सर्व करण्याआधी मात्र एक सकाळ काढा. ज्या तंत्रज्ञाच्या अंगठीचा आकडा सर्वांत जास्त आहे, त्याला आधी सांगून, खुलाशासाठी नव्हे तर शिकण्यासाठी आलो आहोत हे स्पष्ट करून, त्याच्यापासून दोन मीटरवर घड्याळ घेऊन उभे राहा आणि कुपी उघडल्यापासून रिकामी सिरिंज डब्यात पडेपर्यंतचा प्रत्येक टप्पा सेकंदांत लिहून घ्या.